अर्धं राहिलेलं वळण

नागपूर, २९ जानेवारी २०२५

तीर्थरूप बाबांस,
भूमिकाचा शिरसाष्टांग नमस्कार.

भुपेंद्रदादा कपडे न्यायला दवनीवाड्याला येतोय, त्याच्या हाती हे पत्र. आई फोन घेत नाही, म्हणून तिला वाचून दाखवा.

नूतनवहिनीनं लाखोरीची भाजी खाल्ली म्हणून बाळ हिरवं ओकतंय, हे आईचं म्हणणं खरं नाही. काल गोंदियात आमच्याच एक्स-रे विभागात बाळाच्या नाकातल्या नळीतून औषध सोडलं. यंत्र मी चालवत होते. पडद्यावर औषधाची पांढरी रेघ डावीकडे वळायला हवी होती. ती उजवीकडेच पीळ घेत उतरली, सुतळीसारखी. पाच दिवसांचं बाळ, आणि मला त्याच्या आतली वाट दिसत होती! डॉक्टर म्हणाले, आतड्याला पीळ पडलाय, एक तासही घालवू नका.

बाबा, आईच्या पोटात बाळाचं आतडं काही आठवडे नाळेत जातं, वळतं आणि परत जागेवर येऊन बसतं. आमच्या बाळाचं ते वळण अर्धंच राहिलं. वहिनी तेव्हा आपल्या बांधीत धानाची रोवणी करत होती.

लगेच नागपूरला आणलं, काल संध्याकाळीच इथे ऑपरेशन झालं. पीळ सुटताच काळवंडलेलं आतडं गुलाबी झालं, असं सर्जन म्हणाले. अजून धोका टळलेला नाही.

आशीर्वाद पाठीशी असू द्या.
भूमिका

दवनीवाडा, ३० जानेवारी

चि. भूमिकास बाबाचे आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या आईले दोनदा वाचून दाखवलं. तुझं अक्षर डॉक्टरवानी झालं, चष्मा पुसाव लागला. कालपासून ते जेवून नाही राहिली. आज बोलली. भुपेंद्रच्या आधी आमाले एक पोरगा झाला होता, तुमाले कधी सांगतलं नाही. चवथ्या दिवशी असाच हिरवं ओकून गेला. माझ्या मायनं तवा तुझ्या आईच्या खाण्याले दोष देल्ला. तीस वर्सं तिनं तो सांभाळला. आता विचारून राहिली, त्यालेही पीळच असन काय? खरं लिही. नूतनले सांग, सासू रागावून नाही, लाजून राहिली.

तब्येत सांभाळजो.
तुझा बाबा, खुशाल

नागपूर, १ फेब्रुवारी

तीर्थरूप आईस, पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

आई, त्या बाळाच्या पोटाचं एक्स-रे चित्र कुणी काढलं नाही, म्हणून पीळच होता असं मी सांगू शकत नाही. पण आईच्या ताटातल्या भाजीनं बाळ हिरवं ओकत नाही. ते पित्त असतं. पुढची वाट अडली की उलटं फिरतं. तुझा दोष नव्हता. तेव्हाही नाही, कधीच नाही.

आज बाळाला शी झाली. दुपट्यावर रुपयाएवढा डाग! नर्सताई हसत होत्या आणि मी रडत होते. बोटाएवढंही जाड नसलेलं ते आतडं आपलं आपण चालू लागलं. डॉक्टर म्हणाले, आता घाबरू नका.

बाबांचं पत्र वहिनीनं स्वतः वाचलं. मग तिनं तुला एवढंच विचारायला सांगितलं, की त्या पहिल्या बाळाचं नाव तू मनात काय ठेवलं होतंस?

माझ्यावर माया आहेच तुझी, थोडी स्वतःवरही कर.
तुझी भूमिका