दाखल क्रमांक ४१८

२ एप्रिल

वस्तुस्थिती क्रमाने लिहिते, म्हणजे पुढे कुणी काही वेगळे सांगू लागले तर ही वही दाखवता येईल. काल सकाळी दहा वाजता मी या वाचनालयाच्या कुमार विभागाची प्रमुख म्हणून रुजू झाले. त्यानंतर किल्ल्या मिळाल्या; त्या अकरा, आणि कोणती कशाची हे एकीवरही लिहिलेले नाही. त्यानंतर विभाग पाहिला: एक लांब खोली, सहा खिडक्या, चौदा कपाटे, त्यांपैकी तीन थरारकथांची. त्यानंतर काम सांगण्यात आले: मुलांना सुट्टी लागण्याआधी, म्हणजे वीस तारखेपर्यंत, कुमार कादंबऱ्या आणि थरारकथा यांतून बारा पुस्तके निवडून उन्हाळी वाचनाची यादी लावायची. सर्वांत शेवटी चहा मिळाला. तो चांगला होता.

खोली मला आवडली, हे मान्य करायला हरकत नाही. उजेड भरपूर आहे आणि खुर्च्या करकरत नाहीत. महाविद्यालयात सतरा वर्षे अशा मुलांना शिकवून मी थकले, ज्यांना पुस्तकातून फक्त परीक्षेत येणारा भाग हवा असतो. इथे येणारी मुले निदान आपल्या पायांनी येतील. दोन पदव्युत्तर पदव्या आणि एक प्रबंध असलेली बाई मुलांच्या विभागात आली याचे शिपायाला फार नवल वाटते. हे म्हणजे तोफ आणून डास मारणं झालं, असे तो तोंडावर म्हणाला. मी हसले. इतक्या दिवसांनी हसण्याचे श्रम झेपले, हीसुद्धा नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

४ एप्रिल

इथली एक पद्धत. शिफारस केलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या आतल्या पुठ्ठ्यावर एक चिठ्ठी चिकटवतात. तिच्यावर तीन ओळींत शिफारस, त्याखाली 'हे पुस्तक मी शेवटच्या पानापर्यंत वाचले आहे' हे छापील वाक्य आणि त्याखाली सही. वाक्य अनावश्यक आहे. न वाचलेल्या पुस्तकाची शिफारस कोण करील? शिपाई सांगतो की ही आधीच्या सरांची शिस्त. सही म्हणजे हमी, असं सर म्हणायचे म्हणे.

दोन माणसांविषयी तक्रार नोंदवते. एक म्हातारे गृहस्थ रोज वर्तमानपत्र उलटे धरून तासन्‌तास बसतात. दुसरा तिशीचा माणूस शेवटच्या खिडकीपाशी, हात गुडघ्यांवर ठेवून, काचेकडे बघत बसतो. पुस्तकाला हातही लावत नाही. म्हातारे त्याला दहाला घेऊन येतात आणि पाचला घेऊन जातात. वाचनकक्ष ही धर्मशाळा नव्हे, असे मी शिपायाला सुनावले. एरवी ज्याचे तोंड मिटत नाही तो एवढेच म्हणाला, की राहू द्या, बाई.

९ एप्रिल

सात पुस्तके वाचून झाली. कुमार कादंबऱ्यांतली नायिका नेहमी पंधरा वर्षांची आणि हुशार असते आणि तिच्याभोवतीची मोठी माणसे जन्मजात मठ्ठ असतात. थरारकथेत खून नेहमी सर्वांत सभ्य माणूस करतो. लेखकांना मुले मूर्ख वाटतात की ते स्वतःच तसे असतात, हे ठरवता येत नाही. माझा नियम जुना आहे: वाईट पुस्तक वीस पानांत ओळखू येते. तिथे ते मिटावे. चांगले असेल तर मात्र शेवटचा पूर्णविराम येईपर्यंत उठू नये.

दहावीची परीक्षा आटोपून भाची माझ्याकडे राहायला आली आहे. तिचे पंधरावे सरून सोळावे लागेल. मी तिला वाळवी म्हणते, कारण ती पुस्तकाला लागली की पुठ्ठाच उरतो. माझ्या चिठ्ठ्या पाहून ती म्हणाली, की मावशी, तू शिफारस लिहितेस की औषध? जेवणानंतर दोन प्रकरणं, वर कोमट पाणी. तिच्या आईने तिला इतके लाडावले आहे की बोलण्यात अर्थ नाही. घरात कुणीतरी बोलते आहे, हे मात्र बरे वाटते.

१९ एप्रिल

डोळ्यांची आग होते आहे. अकरा पुस्तके झाली. अकराही पूर्ण वाचली. बारावे आज दुपारी थरारकथांच्या तिसऱ्या कपाटात, अगदी वरच्या फळीवर सापडले. करडी बांधणी, शीर्षकाचे पान फाटलेले, दाखल क्रमांक ४१८, पाने दोनशे चौदा. आरंभीच्या कोऱ्या पानावर एकच वाक्य: 'ज्याने हे तुझ्या हाती दिले त्याने ते संपवले आहे ना, हे विचारून घे.' वाचकाला घाबरवण्याची स्वस्त युक्ती. पुढे एक मुलगी एका घराचा जिना उतरत जाते. विसाव्या पानावर ती बंद दारापाशी पोचते, कडीवर हात ठेवते, आणि आधी आत गेलेले कुणीतरी हाक मारील म्हणून थांबते. भाषा स्वच्छ आहे. अपेक्षेपेक्षा बरीच बरी.

यादी उद्या लावायची आहे. पुठ्ठ्यावर आधीच्या सरांची पंधरा वर्षांपूर्वीची चिठ्ठी होती आणि त्याच छापील वाक्याखाली त्यांची सही. इतक्या काटेकोर माणसावर विसंबायला हरकत नव्हती. मी तीन ओळी लिहिल्या आणि त्यांच्या चिठ्ठीवर माझी चिकटवली. न वाचलेल्या मजकुराखाली मी आयुष्यात प्रथमच सही केली. नोंद पूर्ण असावी म्हणून हे लिहिते.

२२ एप्रिल

यादीचे कौतुक झाले. बारावे पुस्तक सर्वांत आधी वाळवीनेच उचलले. संध्याकाळी तिने विचारले, की तू हे संपवलंयस ना? पुस्तकच विचारायला सांगतंय. मी म्हणाले, की खाली सही दिसत नाही का? चुकलं, मॅडम, असे म्हणून तिने कान पकडले आणि हसत आत गेली.

२४ एप्रिल

काल दुपारपासून वाळवी टेबलाशी बसून आहे. पुस्तक विसाव्या पानावर उघडे. उजवा हात समोर हवेत, बोटे वाकलेली, जणू कशावर तरी धरलेली. हात खाली घेतला की पुन्हा तिथेच जातो. भरवले तर खाते. डोळे उघडे असतात. बोलत नाही.

डॉक्टर म्हणाले, उन्हाचा आणि परीक्षेचा ताण आहे, चार दिवस विश्रांती द्या. ताईला फोन केला. ती रविवारी येते आहे. वाचत काय होती, एवढेच तिने विचारले. यादीतलं काहीतरी, असे मी सांगितले.

तिच्या बोटांचा आकार मी ओळखते. ती कडी आहे.

२५ एप्रिल

घरी शेजारच्या काकूंना बसवून, पुस्तक पिशवीत घालून वाचनालयात गेले. प्रथमच शेवटच्या खिडकीशी गेले आणि त्या माणसाचे हात जवळून पाहिले. उचलले तरी ते पुन्हा गुडघ्यांवरच जातात. मग शिपायाला धरले. तो म्हणाला, की म्हातारे म्हणजेच आधीचे सर, बाई. आणि तो त्यांचा मुलगा.

सरांसमोर जाऊन बसले. त्यांनी उलटे धरलेले वर्तमानपत्र नीट घडी करून ठेवले आणि विचारले, कितव्या पानापर्यंत वाचलंत? मी वीस म्हणाले. ते म्हणाले, मी बारा. एखादे पुस्तक फळीवर सापडत नाही हे सांगावे, तशा आवाजात त्यांनी पुढचे सांगितले. सही करणारा जिथे थांबला, तिथेच वाचणारा अडकतो. त्याला पुढे न्यायचे तर सही करणाऱ्यानेच वाचावे लागते. इतर कुणी वाचून उपयोग नाही. प्रत्येक पानाला तो एक पाऊल पुढे सरकतो आणि प्रत्येक पान सही करणाऱ्याचे एका वर्षाचे वाचन घेऊन जाते. ताजे वर्ष आधी, मग मागचे. सरांनी एकोणपन्नास पाने वाचली. मग अक्षरेच उरली नाहीत. एकसष्टाव्या पानावर ती मुलगी खिडकीपाशी खुर्चीत बसते, एवढे त्यांच्या लक्षात आहे. त्यांचा मुलगा तिथेच आहे.

चिठ्ठी काढून का टाकली नाही, असे मी कडक शब्दांत विचारले. ते म्हणाले, आधी लाज वाटली. नंतर पुस्तक कोणतं ते ओळखता येईना. आता सगळी सारखीच दिसतात.

मग खिशातून प्लॅस्टिकच्या पाकिटात जपलेला एक कागद काढला. हा मुलाच्या मुठीत सापडला, पण सापडला तेव्हा वाचता येत नव्हतं, आणि ग्रंथपालाने दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं म्हणजे, असे म्हणून ते थांबले. कागदावर दोन ओळी होत्या. 'बाबा, छप्पन्नाव्या पानावर थांबा. इथून दार मला एकट्याला उघडता येईल, पुढे गेलात तर नाही.'

मी म्हणाले, यात लिहिलं आहे, बाबा, मी बरा आहे. काळजी करू नका.

त्यांनी कागदावरून अंगठा फिरवला. एवढंच? ओळी तर दोन आहेत, असे ते म्हणाले. मी म्हणाले, अक्षर मोठं आहे.

वयाच्या पाचव्या वर्षी मी वाचायला शिकले. आता एक्केचाळीस. वजाबाकी केली. छत्तीस. विसात मिळवले तर छप्पन्न. एकही पान जास्त नाही, एकही कमी नाही. शेवटचे पान पाच वर्षांच्या मुलीच्या अक्षरओळखीवर वाचावे लागेल.

चिठ्ठी फाडून जाळली. सरांचीही. शिपायाला सांगितले की काम संपले की हे पुस्तक जाळायचे, आणि तुला वाचता येते याचा मला आनंद आहे. बाई असं का बोलता, असे तो म्हणाला.

२६ एप्रिल, सकाळ

पान २१. वाळवीचा हात खाली आला. मी रडले. मग यादीकडे पाहिले. बारा नावे माझ्याच अक्षरात आहेत. एकाही पुस्तकात काय आहे ते सांगता येत नाही.

ताई आली. लेकीजवळ बसली आहे. मला काही विचारत नाही. तेच जड जाते.

२६, दुपार

पान ३१. वाळवी उभी राहिली. अंधारात चाचपडावे तशी भिंतीला हात लावून चालते. ताई तिचा दुसरा हात धरून चालते.

प्रबंध कपाटातून काढला. चारशे पाने. वर माझे नाव. कुणीतरी फार मेहनत घेतलेली दिसते. वाक्ये लांब आहेत — मध्येच धागा सुटतो —

२७

३९. आज कॉलेजातली सगळी गेली. ती जाताना दुखत नाही. फार दमल्यासारखं होतं फक्त. कादंबरीच्या शेवटी रडले होते ते आठवतं, कुठल्या ते नाही.

मागची पानं वाचून पाहिली. 'पदव्युत्तर' या शब्दाशी बराच वेळ अडले.

२७, नंतर

४५. वाळवी गुणगुणते. ताई म्हणाली, ऐकलंस का? मी ऐकलं.

ताईला सांगितलं सगळं. सही, आणि खोटं. ताई म्हणाली, लहानपणी तूच मला वाचून दाखवायचीस. आता मी तुला दाखवीन. आधी तिला आण.

मी म्हणाले, पुस्तक तू नको वाचू. हे मीच —

२८

५१. बोट ठेवून वाचते. एका ओळीला खूप वेळ. जोडाक्षर आलं की थांबते. ताईला विचारता येत नाही. विचारलं तर मोजत नसेल —

चुकले तर. एक अक्षर चुकलं तर ते पान वाचलं की नाही —

वाळवी दाराकडे तोंड करून उभी. अजून डोळे तसेच.

२८

५४. काल काय लिहिलं ते वाचता येत नाही. हात लिहितो. हाताला येतं अजून.

खिडकीतला तो. त्याचं खरं सरांना सांगायचं राहिलं. ताई तू सांग. दोन्ही ओळी सांग —

२९

५५ झालं. एक उरलं. डावं बोट त्याच्या ओळीवर, उजव्याने लिहिते.

वाळवी. तुझ्यासाठी लिहिते. तू आलीस की टेबलावर कागद ठेवलाय. पेन्सिल आहे. मला उत्तर हवं. तोंडी नको. तोंडी लोक खोटं बोलतात मी बोलले. लिहून दे. मोठं लिही. मला वाचता नाही आलं तरी लिहूनच दे. आई वाचून दाखवील. तू बाहेर आलीस का. एवढंच लिही. खाली सही कर. पण आधी लिहिलेलं सगळं शेवटपर्यंत वाच मग सही क