काटा उलटा चालत होता

प्रिय दादा,

कागदावर लिहितेय म्हणून दचकू नकोस, घरी कोणी आजारी वगैरे नाही. पण मेसेज पाठवला की तू अंगठा पाठवतोस. आईने विचारलं जेवलास का, अंगठा. मी विचारलं कसा आहेस, अंगठा. परवा मी मुद्दाम लिहिलं की तुझ्या खोलीच्या छतातून हत्ती पडलाय, तर त्यालाही अंगठा! तेव्हाच ठरवलं, ज्याला अंगठा देताच येणार नाही असं काहीतरी पाठवायचं. माझं अक्षर तुला माहीत आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घाचं तर विचारूच नकोस. आपल्या शाळेने त्या बाबतीत आपल्या दोघांना वाऱ्यावर सोडलं. समजून घे आणि शेवटपर्यंत वाच. पार्सलच्या व्हॅनमध्ये बसून वाचलंस तरी चालेल, फक्त गाडी थांबवून.

पहिली बातमी म्हणजे तुझी खोली अजून तुझीच आहे, पण थोडक्यात वाचली. तू गेल्यावर बाबांनी दुकानातले चष्म्याच्या फ्रेमचे खोके तिथे आणून ठेवायला सुरुवात केली. आधी कोपऱ्यात, मग पलंगावर, मग सरकत सरकत तुझ्या टेबलापर्यंत. "इथे कोण बसतंय आता?" म्हणाले. मी म्हटलं, मी बसतेय. म्हटलं म्हणून बसावंच लागलं. तुझी ती एक हात तुटलेली खुर्ची, पायाखालची पेडल्स, चिकटपट्टी गुंडाळलेली जॉयस्टिक, समोर कॉम्प्युटरवरचं ते विमान. इतकी वर्षं माझी जागा म्हणजे मागचं स्टूल. तू माझ्या पोटाला टॉवेल बांधायचास आणि नाक दाबून अनाउन्समेंट करायचास, "प्रवाशांनी विनाकारण बडबड करू नये." पुढच्या सीटवरून काय दिसतं ते मला कधी माहीतच नव्हतं. आधी वाटलं, दोन दिवस बसू, बाबांचे खोके थांबतील, बास.

उडवणं त्यामानाने लवकर जमलं. म्हणजे आपटणं कमी झालं. पण मला खरं बघायचं होतं ते वेगळंच. समोर काटा असताना माणूस हरवतो कसा, हे मला बघायचं होतं. तुला हे विचारायची माझी हिंमत नव्हती आणि तू तेव्हा कोणाशी बोलतही नव्हतास. म्हणून मी रेडिओवरून रस्ता शोधायचं शिकायला घेतलं, अगदी पहिल्या धड्यापासून. तुला हे सगळं पाठ आहे, पण मला स्वतःच्या शब्दांत बोलल्याशिवाय डोक्यात शिरत नाही, त्यामुळे सहन कर. खाली जमिनीवर एक स्टेशन. सायकलच्या चाकाच्या तारांसारख्या त्याच्यातून सगळीकडे वाटा निघतात. आपण गुंडी फिरवून ठरवायचं कुठल्या तारेवर राहायचं. काटा मधोमध असला की आपण तारेवर आहोत, काटा डावीकडे सरकला की तार डावीकडे राहिली, तिकडे वळायचं. डायलमधल्या इवल्याशा खिडकीत कळतं, गुंडीवरची दिशा स्टेशनकडे नेणारी आहे की स्टेशनपासून लांब. एवढंच. मी म्हटलं, हे तर शेंबडं पोरही करेल!

मग पहिल्याच दिवशी माझा काटा अगदी मधोमध, हलायलाच तयार नाही. मी खूश. काय सरळ उडवतेय मी, वा! डायलवर एक लाल पट्टी दिसत होती, ती मला डिझाइन वाटली. बऱ्याच वेळाने कळलं की स्टेशन लागलेलंच नाहीये. काटा मेलेला होता म्हणून मधोमध होता. तेव्हा समजलं की आधी कान लावायचे, मग डोळे. प्रत्येक स्टेशन आपलं नाव टिंब-रेघांत वाजवत बसलेलं असतं. ते ऐकायचं, हेच ते स्टेशन अशी खात्री करायची, आणि मगच काट्याचं ऐकायचं. मी आता आपल्या गावच्या स्टेशनची ती पिपाणी झोपेतही ओळखेन. आईला मात्र त्याचा वैताग आलाय. दोनदा स्वयंपाकघरातून ओरडली, "अगं, फ्रिजचं दार उघडं राहिलंय का बघ!" आणि तिसऱ्यांदा स्वतः येऊन माझ्या मागे उभी राहिली. स्टुलावर बसली थोडा वेळ आणि मग भाजी करपतेय म्हणून गेली. भाजी अजून चिरायचीच होती.

आणि दादा, मला ते आवडायला लागलं. हे इथेच सांगून टाकते, कारण पुढे त्याचं काम आहे. कॉलेजमधून आले की बॅग टाकायची आणि सरळ खुर्चीत. ढगात शिरल्यावर बाहेर सगळं पांढरंफटक होतं, खालचं काही म्हणजे काही दिसत नाही, आणि तरी तो बारकासा काटा सांगत असतो की तू इथे आहेस. मला असं कोणी कधी सांगितलेलं नाही.

मग एका रविवारी मी तुझ्या मार्गावर विमान उडवलं. विमानशाळेतला तुझा तो एकट्याने लांब जायचा दिवस, त्याच दिवसाचा मार्ग. आपल्या स्टेशनवरून निघायचं, एकच तार धरून त्या मोठ्या तळ्यापर्यंत जायचं, वळायचं, त्याच तारेवरून परत यायचं. बाजूने वारा ठेवला, ढग ठेवले, त्या दिवशी होते तसे. जाताना काय मस्त गेले. तळ्यावर वळले. परत निघाले आणि काटा जरासा डावीकडे गेला. मी डावीकडे वळले. काटा आणखी डावीकडे. मी आणखी वळले. तो तर पळायलाच लागला! जेवढी मी त्याच्या मागे जाईन तेवढा तो लांब. हाताला घाम सुटला, सांगते तुला. घरात बसले होते, खाली गादी होती, बाजूला चहा होता, आणि तरी मी जॉयस्टिक दोन्ही हातांनी आवळून धरली होती. तळं दिसेना, धावपट्टी दिसेना, इंधनाचा काटा खाली चाललेला. शेवटी मी मशीन तसंच थांबवलं आणि नुसती बघत बसले. आणि मग दिसलं. गुंडी! जातानाच्या दिशेवर लावलेली गुंडी मी वळल्यावर उलटी फिरवलीच नव्हती. खिडकीत अजून "स्टेशनपासून लांब" असंच दिसत होतं आणि मी तर स्टेशनकडे निघाले होते. अशा वेळी काटा उलटा वागतो. डावीकडे म्हणाला की उजवीकडे जायचं असतं. जाताना ही चूक होतच नाही दादा, घरी परत येतानाच होते.

तू त्या संध्याकाळी दारात उभा राहून हेच म्हणाला होतास, "काटा उलटा चालत होता." तू कुठल्यातरी भलत्याच धावपट्टीवर उतरला होतास, विमानशाळेची गाडी तुला घेऊन आली होती, तुझ्या शर्टाला घामाचे पांढरे डाग पडले होते, आणि तू एवढं एकच वाक्य बोललास. बाबा हसले. "उलटा चालतो? काटा आहे की खेकडा?" तुला उडवायला शिकवणारे मिशीवाले सर फोनवर सांगत होते की होतं असं, सगळ्यांचं होतं, पोरगं शांत डोक्याने उतरलं हेच खूप, पुढच्या आठवड्यात परत पाठवतो. बाबांनी ते ऐकलंच नाही. तुला तसंच दुकानात नेलं, शटर अर्धं खाली ओढलं आणि त्या उंच खुर्चीत बसवून तुझे डोळे तपासले. मी शटरखालून वाकून बघत होते. एक डोळा झाकायला लावला, खालची ओळ वाच म्हणाले. तू वाचलीस. त्याच्या खालची. तीही वाचलीस. सगळ्यात खालची, जी कोणालाच येत नाही, तीही तू सरळ वाचून दाखवलीस. आणि बाबा चिमटीतली काच फडक्याने पुसत म्हणाले, "डोळे ठणठणीत आहेत. म्हणजे डोकंच." तू खुर्चीतून उतरलास तेव्हाच मला कळलं होतं की तू घरातूनही उतरलास.

मला वाटलं होतं, मला जे सापडलं ते बाबांना दाखवलं की सगळं सुटेल. मूर्खच मी. त्यांना हाताला धरून आणलं, खुर्चीत बसवलं, म्हटलं फक्त जाऊन परत या. चष्मा कपाळावर, चष्मा नाकावर, पुन्हा कपाळावर. जाताना मान हलवत होते, "यात काय आहे एवढं?" तळ्यावर मी त्यांना वळवून दिलं आणि गप्प बसले. काटा डावीकडे. बाबा डावीकडे. काटा आणखी डावीकडे. बाबांचा अंगठा जॉयस्टिकवर पांढरा पडला. किती वेळ ते त्याच्या मागे लागले होते, दादा! माझ्या तोंडून "बाबा, गुंडी" निघणार होतं, पण मी जीभ चावली. शेवटी त्यांनी हात काढून घेतला, खुर्ची मागे ढकलली आणि म्हणाले, "यंत्रातच बिघाड आहे." मी म्हटलं, बिघाड नाहीये. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं होतं, मी शपथेवर सांगते. पण ते उठले, पलंगावरचा एक खोका उचलला, दुकानात घेऊन गेले. मग दुसरा. संध्याकाळपर्यंत तुझा पलंग मोकळा झाला. तुला फोन मात्र केला नाही. तू वाट बघत असशील तर स्पष्ट सांगते, ते करतील असं मला वाटत नाही. त्यांना खोके हलवता येतात, तेवढंच.

आता ज्यासाठी लिहितेय ते. गेल्या आठवड्यात मिशीवाल्या सरांचा फोन आला होता. तुझी जागा त्यांनी इतके दिवस धरून ठेवली, आता पुढची बॅच भरायचीय. तुझे पैसे भरलेले, उडायचे उरलेले तास घरातल्या दुसऱ्या कोणाला देता येतात म्हणे. बाबा फोन ठेवून आले आणि आई वाढत असताना तिला म्हणाले, "धाकटीला पाठवू. वाया कशाला घालवायचं?" आईच्या हातातला डाव तसाच राहिला. तिने माझ्याकडे बघितलं, मी नाही म्हणेन म्हणून. आणि दादा, मी नाही म्हटलं नाही. मला हवंय ते. इतकं हवंय की त्या रात्री मला झोप आली नाही, आणि डोक्यात सारखं येत होतं की मी तुझी खुर्ची राखायला बसले आणि तीच पळवतेय. मी तुझ्या बाजूने आहे हे दाखवायला हे सगळं शिकले, आणि आता तुझ्या बाजूने असण्यात माझाच फायदा आहे. यातून मला बाहेर पडता येत नाहीये. म्हणून तू ठरव. तुला परत उडायचं असेल, अगदी थोडंसं जरी वाटत असेल, तर "नको घेऊस" म्हण. मी सरांना नाही सांगेन. चिडेन, रडेन, उशीवर बुक्के मारेन, पण सांगेन. आणि नको असेल तर "घे" म्हण. सरांना रविवारी कळवायचंय. शनिवारी मी कॉलेजमधून लवकर येऊन तुझ्या खोलीत फोन घेऊन बसणार आहे. पण अंगठा पाठवू नकोस दादा, अंगठा कोणाचाही असू शकतो. मला तुझा आवाज ऐकू दे. तो ऐकला की मग तू कुठेही वळ म्हण, मी वळेन.

तुझीच,
स्टुलावर टॉवेल बांधून बसलेली, विनाकारण बडबड करणारी पॅसेंजर