प्रेतराजाच्या फौजेचा रंग

४ फेब्रुवारी

ठरलं. पटावरच्या लढाईच्या खेळासाठी कल्पित राज्यांचे तयार शिशाचे शिपाई घ्यायचे नाहीत. आज दुकानात पुन्हा हाताळून पाहिले – मुठी डोक्याएवढ्या, तलवारी फळकुटासारख्या, आणि जो तो किंचाळतोय. माझा प्रेतराजा असल्यांना दारातही उभं करणार नाही. त्यापेक्षा इतिहासातले बरे. मध्ययुगातलं साधं पायदळ, अंगात जाळीचं चिलखत, तोंडावर बंद शिरस्त्राण. आत माणूस आहे की नुसती हाडं, कुणाला कळतंय! मेलेल्यांची फौज दाखवायला कवट्या कशाला हव्यात? चेहरा झाकला की झालं. बाकीचं काम रंगाचं.

ही म्हणाली, "जन्मभर लोकांच्या कवळ्या केल्यात, आता मेलेल्यांचे कपडे शिवा." बोलणं खोचक, पण पुढच्या खोलीतलं खिडकीजवळचं टेबल मोकळं करून दिलं.

११ फेब्रुवारी

कप्तानला घेऊन दुकानात गेलो. कप्तान कसला – जन्मभर नावेच्या धक्क्यावर तिकिटं फाडली. पण ऐट अशी की नाव चिकटलं ते चिकटलंच. पटावर आम्ही एकमेकांचे जुने वैरी. त्याचे डोंगरी लोक, माझी प्रेतं.

त्यानेही यंदा इतिहासातलेच घ्यायचं ठरवलंय. पण निवड बघवेना. कुणाची ढाल लांब टोकदार, कुणाची गोल. एक कर्णा फुंकणारा, एक कुऱ्हाडवाला, एकाच्या शिरस्त्राणाला शिंगं. प्रत्येक शिपाई बोटांत फिरवत बसला होता, भाजीवालीकडे वांगी निवडावीत तसा.

म्हटलं, "अरे, ही ढाल आणि हे शिरस्त्राण यांच्यात दोनशे वर्षांचं अंतर आहे."

"डोंगरात बातम्या उशिरा पोचतात," म्हणाला.

दुकानदार हसला. मला नाही हसू आलं. घरी परतेपर्यंत मी त्याला काळ आणि घडण समजावत होतो. तो हं हं करत माझ्या दंडाला धरून चालला होता. म्हातारा झालाय, चालही मंदावलीय.

१९ फेब्रुवारी

शिपायांवर रंगाआधीचं अस्तर मारून झालं. आता झगे.

२७ फेब्रुवारी

हिरवट काळ्यावर अगदी पातळ राखाडी चढवला की कापड ओल्या थडग्यातून निघाल्यासारखं दिसतं. राजाचा झगा जांभळा, पण विटलेला – कडेला जुन्या सोन्याचा एक केसभर धागा. दातावरची झाक जुळवायची सवय इथे कामाला आली. माणसाचे दात कधी नुसते पांढरे नसतात, तसं प्रेतही नुसतं करडं नसतं.

कप्तान संध्याकाळी आला होता. राजा त्याच्या हातावर ठेवला. खिडकीकडे तोंड करून बराच वेळ बसला. मग म्हणाला, "छान. फार छान."

एवढंच! धाग्याबद्दल एक अक्षर नाही. इतक्या वर्षांचा मित्र आणि मेल्याला कौतुकाचा शब्द जड होतो.

६ मार्च

कप्तानने त्याच्या डोंगऱ्यांसाठी घेतलेले भालेवाले मनातून जात नव्हते. उभे राहण्यात एक डौल आहे. त्याच्या निवडीतले तेवढेच धड. आज तेच मीही आणले, अगदी त्याच साच्यातले. माझ्या रंगात कसले उठून दिसतात! हवं तर त्याने शेजारी ठेवून फरक बघावा.

१८ मार्च

आज आमच्या खेळमंडळाच्या खोलीत डाव होता. लिहू नये असं वाटतंय.

पहिले दोन हल्ले ठीक गेले. मग कप्तानने टेकडीवरचे भालेवाले उचलले आणि पुढे सरकवले. ते माझे होते. म्हटलं, "माझे आहेत." "हो का, चुकलं," म्हणाला. ठेवले. थोड्या वेळाने पुन्हा तेच. पुन्हा माझेच उचलून माझ्याच राजावर चालवले. बघणारे हसायला लागले. मला वाटलं, मुद्दाम करतोय. माझ्या रंगाची चेष्टा करतोय. इतकी मेहनत, आणि याला माझा हिरवा आणि स्वतःचा तांबडा एकच?

"आंधळा आहेस का रे?" मी म्हणालो. बऱ्यापैकी मोठ्याने.

त्याने भालेवाला हळूच खाली ठेवला. पाया पटाच्या कडेला अर्धा बाहेर राहिला, शिपाई कलंडला. मग टोपी चाचपून उचलली आणि म्हणाला, "तसंच म्हण हवं तर." जिना भिंतीला धरून उतरला. मी मागे गेलो नाही.

१९ मार्च

कप्तानकडे फोन केला. वहिनींनी उचलला. त्याला द्या म्हटलं. तर म्हणाल्या, "भावजी, तुम्हाला खरंच माहीत नव्हतं? दिवाळं कधीच निघालंय डोळ्यांचं. कडेचं थोडं पुसट दिसतं, मधलं काहीच नाही. डॉक्टरांनी हात टेकले. मी म्हटलं होतं त्यांना, निदान तुम्हाला तरी सांगा. तर म्हणाले, सांगितलं की तो मला मुद्दाम जिंकू देईल."

फोन ठेवला. हिने पाणी आणून ठेवलं.

२० मार्च

टोकदार ढाल. गोल ढाल. कर्णा. कुऱ्हाड. शिंगं.

त्याची फौज बोटांनी ओळखायची होती. आणि मी त्याला काळ शिकवत होतो! वर त्याचेच भालेवाले आणून त्याच्यासमोर उभे केले. रंग सोडला तर दोघांत फरक नाही. फरक बघावा म्हणून आणले होते मी.

२५ मार्च

वहिनी म्हणतात, त्याला माझ्याशी बोलायचं नाही. त्याच्या दारापर्यंत जाऊन आलो.

२ एप्रिल

दुकानात डोळे मिटून निवड केली. दुकानदाराला काय वाटायचं ते वाटो. धनुर्धर लगेच कळतो. गुडघ्यावर बसलेला आडव्या धनुष्याचा वेगळा कळतो. घोडा मान खाली घातलेला असला तर आणखी सोपं. त्याच्याकडे नसेल असंच सगळं घेतलं. भालेवाले बाद. नवी फौज शोभेची नाही, पण प्रत्येक जण वेगळा.

घरी येऊन जुन्यांवरून बोट फिरवलं. अस्तर, रंग, वर चकाकी – चिलखताच्या कड्या भरून गेल्यात, जाळी गुळगुळीत झालीय. राजाच्या मुकुटाची टोकंसुद्धा लागत नाहीत बोटाला.

३ एप्रिल

सगळे रंग काढायच्या द्रावणात टाकले. राजासकट. जुन्या दात घासायच्या ब्रशने घासले. ही दारात उभी राहून बघत होती. "अहो, इतकं केलेलं?" म्हणाली. म्हटलं, ज्याच्यासाठी केलं त्याला दिसतच नव्हतं. जांभळं पाणी मोरीत वाहून गेलं. हलकं वाटलं, खरं सांगायचं तर. शिक्षा भोगल्यासारखं.

१५ एप्रिल

कप्तान आला! वहिनींनी हाताला धरून आणला आणि हिच्याबरोबर आत गेल्या. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाला, "पट मांड."

एकेक शिपाई त्याच्या हातात दिला. अचूक ओळखले सगळे. खुशीत होता. मग राजा दिला. तो हातात धरून बसला, अंगठा झग्यावरून फिरवत.

"याचा रंग सांग," म्हणाला. "तेव्हा मला काही दिसलं नव्हतं. नुसतं छान म्हणालो. आता नीट सांग. घाई नाही."

उघडं शिसं होतं त्याच्या हातात.

मी सांगितलं. हिरवट काळं, त्यावर पातळ राखाडी. विटलेला जांभळा. कडेचा धागा. सांगत गेलो. तो मान डोलवत होता. "आणि हा?" म्हणून दुसरा पुढे करायचा. सगळी फौज सांगून झाली, कधी रंगवलीच नव्हती ती नवीसुद्धा. डाव मांडायचा राहूनच गेला.

१६ एप्रिल

वहिनींचा फोन. काल घरी जाताना त्याला म्हणाल्या, किती खूश दिसताय. तर म्हणाला, "त्याने सगळ्यांचा रंग काढून टाकलाय गं. हातात घेतल्याबरोबर कळलं. पण बिचारा इतकं मनापासून सांगत होता, मला थांबवेना."