एक हजार नऊशे शब्द, सगळे सोपे

३ सप्टेंबर, सकाळी ७
नंदकिशोर २० डिसेंबरला येतोय. जर्मन सून आणि नात ऋता बरोबर. तीन आठवडे. ऋता पाच वर्षांची, तिला जर्मन येतं, मला मराठी. फोनवर ती एक वाक्य बोलते, नंदू त्याचं मराठी करतो, मी उत्तर देते, नंदू त्याचं जर्मन करतो, तोवर पोरगी निघून गेलेली असते. या वेळी ती माझ्याजवळ बसली पाहिजे, मधे नंदू नको.
ठराव: डिसेंबरपर्यंत जर्मन. आठवीत शाळा सुटली, पण वाचनालयातली दोन कपाटं मी संपवलीत. एका भाषेचं काय एवढं.

४ सप्टेंबर
यांचा टॅब कपाटातून काढला. हे जाऊन चौदा महिने झाले. टॅब चार्ज व्हायला तीन तास लागले.
रिटायर झाल्यावर यांनी त्यात जर्मन शब्दांची कार्डं केली होती. एक हजार नऊशे. पुढे शब्द, मागे मराठी अर्थ. अर्थ बघितला की खाली चार बटणं येतात: पुन्हा, कठीण, ठीक, सोपं. आपण जे दाबू त्यावरून तो शब्द परत कधी दाखवायचा ते अ‍ॅप ठरवतं.
उघडल्या उघडल्या लिहून आलं, 'देवदत्त, तुमची वाट पाहत होतो.' बेचाळीस वर्षांत मी यांचं नाव उखाण्यात घेतलं तेवढंच. हे यंत्र रोज घेणार. घेऊ दे. घरात कुणीतरी घ्यावं.

५ सप्टेंबर
पहिला शब्द आला नाही. दुसराही नाही. पण खातं यांचं. यांच्या नावापुढे 'कठीण' लागलेलं मला चालणार नाही. माणसाला ऑफिसात एकदाही लेटमार्क नव्हता.
सोपं दाबलं. सगळ्यांना.

९ सप्टेंबर
आज तीनशे शब्द झाले. सोपं दाबलं की पुढची तारीख दिसते. कुणाला दोन वर्षांनी, कुणाला चार. डॉक्टर 'आता वर्षाने या' म्हणाले की तब्येत उत्तम असते. त्यातलंच हे.

१२ सप्टेंबर
समोरच्या ब्लॉकमधल्या सुगंधाला सांगितलं, पाचशे झाले. ती म्हणाली, "एकदा बघलंस आणि पाठ झाला? माका चार वर्षां झाली, जावयाच्या कंपनीचा नाव अजून येणा नाय." मग म्हणाली, "येता तर बोलून दाखव, वयनी."
मी म्हटलं, असं मागेल त्याला दाखवायची वस्तू नाही ती. मालवणी माणूस फार खोदून विचारतं.

२० सप्टेंबर, दुपार
एका कार्डावर शब्दच नाही. नुसतं स्पीकरचं चित्र. दाबलं, तर हे बोलले.
थोडा वेळ पाण्याचा नळ चालू राहिला.
यांनी स्वतःच्या आवाजात भरलेलं हे एकच कार्ड. जर्मनमध्ये एक वाक्य: मॉर्गन गेएन वीऽ त्सुम त्सानआर्त्स्ट. मागची बाजू कोरी, अर्थ लिहायचा राहून गेला. इथे मात्र सोपं दाबलं नाही. दाबलं असतं तर आवाज तीन वर्षांनी आला असता. 'पुन्हा' दाबलं. पुन्हा आले.

२१ सप्टेंबर
बारा वेळा ऐकलं. अर्थ स्पष्ट आहे. एकच वाक्य स्वतःच्या तोंडाने भरून ठेवलं, म्हणजे नातीसाठीच. आवाज जेवायला बोलावल्यासारखा आहे. 'ये बाळा, बस माझ्याजवळ' असंच काहीतरी. नंदूला विचारायची गरज नाही. बेचाळीस वर्षं मी या माणसाचं न बोललेलं ओळखत आले.

१५ ऑक्टोबर
अ‍ॅप म्हणालं, 'देवदत्त, आज एकच कार्ड बाकी आहे.' म्हणजे जर्मन संपलं. दीड महिना लागला. नंदूने सहा वर्षं घालवली होती.
आवाजाचं कार्ड चालू आहे. रोज चाळीसदा.

२७ ऑक्टोबर
चकल्यांमुळे अभ्यास नाही. तसाही उरलेला नाही.

८ नोव्हेंबर
सोसायटीचे सेक्रेटरी दशरथ सावंत एक पुस्तिका घेऊन आले. लिफ्टवाल्याची असावी म्हणाले, जर्मन आहे, तुम्ही जरा बघा. चष्मा लावून तीन पानं उलटली. म्हटलं, जपून वापरावी असं लिहिलंय. ते खूश.

९ नोव्हेंबर
खाली फळ्यावर नोटीस: 'जर्मन तज्ज्ञांच्या सल्ल्यानुसार लिफ्ट जपून वापरावी.' सुगंधा जिन्याने गेली आणि येताना माझ्या नावाने बोलत आली.

२ डिसेंबर
नंदूचा फोन. ऋता भेटली नाही. तिचा दात काढला, फार रडली, आता कुणाला तोंड उघडून दाखवत नाही. बिचारी. इथे आली की मऊ भात देईन.

१९ डिसेंबर
तयारी पूर्ण. वाक्य आरशासमोर म्हणून पाहिलं. थेट यांच्यासारखं येतं, शेवटी आवाज किंचित खाली. बाकीचे शब्द आठवायला बसले, एकही येईना. आयत्या वेळी येतील.

२० डिसेंबर
आले. ऋता दारात उभी, नंदूच्या पायामागून बघत होती. मी गुडघे धरून खाली बसले, हात पसरले आणि वाक्य म्हटलं. एकही अडखळा नाही.
पोरगी किंचाळली आणि पलंगाखाली गेली. सून मराठी येत नसूनही माझ्याकडे मराठीत बघत होती.
नंदू म्हणाला, "आई, अगं तू तिला 'उद्या आपण दाताच्या डॉक्टरकडे जाऊ' असं का सांगितलंस?"
भात पलंगाखाली सरकवला. ताट रिकामं परत आलं. ऋता आली नाही.

२१ डिसेंबर
नंदूने अ‍ॅप तपासलं. शांतपणे सांगितलं की जे येत नाही तेच सारखं दाखवायला हे अ‍ॅप केलेलं असतं. मी सोपं म्हणत गेले, अ‍ॅप शब्द लांब पाठवत गेलं. फक्त एक वाक्य रोज येत राहिलं, म्हणून तेवढंच पाठ झालं. काही शब्द आता २०४१ साली दिसतील.
लिफ्टची पुस्तिकाही वाचली त्याने. पाण्याच्या पंपाची आहे.
मग मला यांची दाढ आठवली. शेवटचे चार महिने दुखत होती. मी रोज मागे लागायचे आणि हे म्हणायचे, उद्या जाऊ. ठणका लागलेला असतानाही हा माणूस शिकला ते जर्मनमध्ये 'उद्या' म्हणायला.

२२ डिसेंबर, सकाळी ६
झोप नव्हती. स्वयंपाकघरात टॅब लावून बसले. हे बोलले. मागे पावलं वाजली. ऋता. आजोबांचा आवाज तिला ओळखीचा असणार, फोनवर त्यांच्याशी बोलायला ती थांबायची.
जवळ आली. स्टुलावर चढली, माझ्या कोपराला टेकून बसली. एक हात तोंडावर घट्ट दाबलेला. मी 'पुन्हा' दाबलं. हे म्हणाले, उद्या आपण दाताच्या डॉक्टरकडे जाऊ.
तिने तोंडावरचा हात काढला नाही. दुसऱ्या हाताने 'पुन्हा' दाबलं.