गोठ्याच्या जागी दोन खोल्या

४ मे १९८४
गोठा पाडला. म्हशी गेल्या महिन्यात विकल्या, गुडघे वाकेनात. आता त्याच जोत्यावर चिऱ्याच्या दोन खोल्या, भाड्यानं द्यायला. शेजारची कुसुम म्हणते, "काकी, या वयात कसला धंदा?" म्हटलं, भाडेकरूचं शेण काढावं लागत नाही.

१९ मे
वसंताचं पत्र. मुलगा माझा, मुंबईला गोदीत. लिहितो, आई, गणपतीला येतो. तोवर दोन्ही खोल्या लागल्या तर ठीक, नाहीतर जागा विकू, डोंबिवलीत ब्लॉक घेऊ, तू आमच्याकडे ये. कबूल म्हणून कार्ड टाकलं. रागात टाकलं, पण टाकलं. डोंबिवलीत करू काय? गॅलरीत बसून लोकांची धुणी बघू?

६ जून
कौलं चढली, पावसाच्या आधी. दत्तू गवंडी पालीचा. तोंडात सदा पान, काम चोख. आखणी माझीच, कोळशानं जोत्यावर काढून दिलेली. पुढं पडवी, मग खो. १, तिच्यातून आत खो. २. न्हाणी बाहेर, विहिरीकडे. जागेवाल्याला, म्हणजे इथल्या राखणदाराला, नारळ दिला. तीनदा आत-बाहेर करून आले, उगीच.

८ जुलै
एका दिवसात दोन गिऱ्हाइकं! एस.टी.तला कंडक्टर सावंत, जोडीनं. आणि खेडची मास्तरीण कदमबाई, एकटी. सावंतानं खो. १ धरली. बाई खो. २ बघून खूश. मग विचारते, "आजी, माझं दार कुठाय?"
"हे काय."
"अहो, ही तर यांची खोली. मी काय यांच्या चुलीवरून जाऊ?"
सावंत म्हणतो, "या की बाई. पण तिकीट काढून."
हसले सगळे. मीही, नंतर. जन्मभर राहिले त्या घरांत आतली खोली बाहेरच्या खोलीतूनच. परक्याला वेगळं दार लागतं हे ध्यानातच आलं नाही.

बाई १५ ऑगस्टपर्यंत थांबते म्हणाली. तोवर मैत्रिणीकडे.

९ जुलै
दत्तूला झापला. "मेल्या, तुला दिसलं नाही?"
"दिसलं की. मला वाटलं, सून येतेय राहायला."
"माझी सून मुंबई सोडून म्हशींच्या जागेवर येईल होय रे?"
बाजूची भिंत फोडून दार काढून देतो म्हणाला. पण आधी घरची लावणी. गेला पालीला.

११ जुलै
सावंताचं ११ महिन्यांचं करारपत्र झालं. सगळे घाबरवतात, भाडेकरू बसला की उठत नाही. बघू. टायपिस्टानं अंगठ्यासाठी शाईचा पॅड पुढं केला. ढकलला बाजूला. सही केली. थोडी वाकडी.

२४ जुलै
दत्तूचा पत्ता नाही. एस.टी.नं पालीला गेले. हा बाबा शेतात, गुडघाभर चिखलात. बांधावरून ओरडले, "अरे, माझं दार!" त्याची आई म्हणाली, "लावणी आटपल्याशिवाय सोडत नाही हो." म्हटलं, मग आटपूया. बांधावर बसून रोपांच्या जुड्या फेकल्या दिवसभर. दोन जुड्या दत्तूच्या पाठीत बसल्या. नेम तितका वाईट नाही माझा.

१३ ऑ.
उघडीप. भिंत फोडली. चिरे अख्खे निघाले, तेच मधल्या दारात बसवले. बरोबर पुरले. चौकट गोठ्याचीच, रंधा मारून. सावंताची बायको सगळ्यांना चहा देत होती, जशी काय घरमालकीण तीच.

१५ ऑ.
बाई आली. ट्रंक, स्टोव्ह, पुस्तकांचं बोचकं. नव्या दारातून आत गेली, बाहेर आली, परत आत. मी मोजलं नाही. हसू येत होतं.
कुसुमनं हळूच विचारलं, "काकी, आमच्या परसात निघेल का हो एक खोली?" म्हटलं, आधी दार कुठं ते सांग.

२८ ऑ.
वसंता आला. दोन्ही दारं बघितली, कागद वाचले. कदमबाईंनी उकडीचे मोदक होतील तेव्हा बोलवा म्हटलं, तर हा म्हणतो, "आई, या कोण?"
"खो. २."
जेवला भरपूर. विकायचं नाव नाही काढलं. संध्याकाळी विहिरीपलीकडं मोकळ्या जागेत पावलं टाकताना दिसला. इकडून तिकडे, पुन्हा आडवा.
"काय मोजतोस रे?"
"काही नाही."
काही नाही म्हणतो आणि चपला चिखलात. विकायला मोजतोय की बांधायला, विचारलं नाही. फक्त म्हटलं, दार रस्त्याकडे काढ.