बाबांच्या पायांतलं बळ कुणाचं

प्रिय धाकट्या,

बाबा चालले. आधी एवढं वाच आणि खाली बस, मग पुढचं वाच. खुर्चीतून स्वतःच्या हातांवर जोर देऊन उठले, वॉकर धरला आणि वॉर्डच्या दारापर्यंत गेले. दाराला हात लावून वळले, परत आले, आणि बसवायला पुढे झालेल्या नर्सबाईंचा हात त्यांनी असा काही झटकला की मला हसावं की रडावं कळेना. मी दोन्ही केलं. चालण्याची परीक्षा दुपारी ठरली होती, पण मोठे डॉक्टर बाहेरगावी निघाले होते म्हणून ती सकाळीच उरकली. तू तेव्हा दुकानात गिऱ्हाइकांना तोंड देत असशील. तुझं दुर्दैव. मी होते, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. डॉक्टर म्हणाले, घरी न्या. वृद्धाश्रमाचं नाव आता या खानदानात कुणी काढायचं नाही.

फोन न करता लिहिते आहे, कारण तुझा आवाज ऐकला की माझा आवाज आपोआप चढतो. बाबा न्हाणीघरात पडले त्या दिवसापासून आपण दोघं एकमेकांशी सरळ बोललेलो नाही. ऑपरेशनच्या खोलीबाहेर तू म्हणालास, "तुझ्या घरात पडले", आणि मी म्हणाले, मग इतकी वर्षं तू त्यांना का नाही नेलंस. तेव्हापासून दवाखान्यात मी सकाळची आणि तू दुपारचा. जिन्यात समोरासमोर आलो तर तू भिंतीकडे बघायचास आणि मी माझ्या चपलांकडे. नर्सबायांना वाटायचं आपण बाबांच्या दोन वेगवेगळ्या संसारांतली मुलं आहोत. एकीनं मला तसं विचारलंसुद्धा, भवानीनं.

त्या दिवसांत बाबांची काय अवस्था होती ते तूही पाहिलंस. खुब्याचं हाड बसलं, पण पायांच्या पार काड्या झाल्या होत्या. दवाखान्याचं ताट आलं की डोळे मिटून घ्यायचे. महिनाअखेरीपर्यंत स्वतःचे स्वतः उठून चालले नाहीत तर घरी पाठवता येणार नाही, वृद्धाश्रम बघा, असं डॉक्टरांनी आपल्याला वेगवेगळं बोलावून सांगितलं होतं. त्या रात्री मला झोप नाही. ज्या माणसानं आयुष्यभर गोदीत पोती उचलली, त्याला अनोळखी खोलीत कुणाच्या तरी हातून चमच्यानं जेवताना बघायचं माझ्यानं झालं नसतं.

म्हणून मी दवाखान्यातल्या आहारवाल्या बाईंना गाठलं. माझी शेड, माझ्या कोंबड्या, तीस अंड्यांचा ट्रे हातात घेऊनच गेले. म्हटलं, बाई, अंगात ताकद भरायला अंड्याच्या वर काही नाही, हे तुमच्या तोंडून एकदा माझ्या भावाला सांगा. बाई हसल्या. म्हणाल्या, तुमचे भाऊ कालच येऊन गेले, आपल्या दुकानातल्या डुकराच्या मांसाबद्दल अगदी हेच म्हणत होते. माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार.

मग त्यांनी मला बसवून नीट समजावलं, आणि तुलाही समजावलं असणारच. वजनाला वजन ठेवलं तर शिजलेल्या डुकराच्या मांसात प्रथिनं अंड्याच्या दुपटीहून जरा जास्तच. पण मी हार मानणारी नाही. म्हटलं, कवळी लावणारा माणूस तेवढं मांस चावणार कधी आणि गिळणार कधी? दोन अंडी मऊ करून दिली तर बोलता बोलता पोटात जातात. त्या म्हणाल्या, हेही खरं, शिवाय अंड्यातलं प्रथिन अंगाला छान लागतं, आणि त्याच्या बलकात ए आणि डी जीवनसत्त्वं असतात, ती मांसात जवळजवळ नाहीत. मी लगेच ताठ बसले. तोवर त्यांनी दुसरं पारडं भरलं: बी-वन मांसात भरपूर, अंड्यात नावाला. जखम भरायला लागतं ते जस्तही मांसात जास्त. लोहाच्या बाबतीत दोघांनीही फार मिशीला पीळ देऊ नये. चरबीचं म्हणाल तर कुठला तुकडा घेता त्यावर आहे. शेवटी मी विचारलं, मग जिंकलं कोण? तर म्हणाल्या, जे ते खातील ते. याला काय उत्तर म्हणायचं! पोटभर शिकलेली बाई आणि निकाल द्यायला तयार नाही.

म्हणून निकाल मीच लावायचा ठरवला. रोज सकाळी डबा. पण धाकट्या, तू माझ्याबद्दल जे काय बोलायचास ते मला बाबांकडून कळत होतं हां. पहिल्याच आठवड्यात बाबा म्हणाले, तो म्हणतो तुझी अंडी जमिनीवर टाकली तर चेंडूसारखी उसळतील, बलकाला हिरवी कड येईपर्यंत उकडतेस. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवसापासून गॅससमोर उभी राहून, बलक जेमतेम धरेल अशी उतरवायला लागले. मग तू म्हणे म्हणालास, रोज उकडलेलंच, तिला दुसरं येतं काय. झालं. दुधात फेटून, लोण्यावर हलकेच परतून, मिरपूड घालून नेलं. वाटी चाटूनपुसून साफ. मी मनात म्हटलं, बघ रे खाटका, बघ.

आणि आज बाबा त्या दाराला हात लावून आले, तेव्हा मी सगळ्यांसमोर आहारवाल्या बाईंना म्हटलं, आता सांगा माझ्या भावाला, कशाच्या जोरावर चालले ते. मला वाटलं होतं बाई पुन्हा गुळमुळीत काहीतरी बोलतील. पण त्या म्हणाल्या, तुमच्या भावानं मात्र कमाल केली, तुम्ही बोललात ते फार मनावर घेतलं त्यांनी. मी विचारलं, मी काय बोलले? तर म्हणे, तुम्ही म्हणालात ना की तो बाबांना जोड्याचं चामडं चावायला देतो आणि वर चरबीचा थर देतो. त्यानंतर तू त्यांच्याकडे येऊन विचारून गेलास, मांस मऊ कसं करायचं. चरबी काढून, बारीक चिरून, तासन् तास मंद आचेवर शिजवून, रस्सा वेगळा आणायला लागलास.

धाकट्या, मी हे बोललेच नव्हते. तुझ्या धंद्याबद्दल मनात हजार वेळा बोलले असेन, ते नाकारत नाही. पण हे वाक्य माझं नाही.

मी बाबांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते, पोपट शोधत असल्यासारखे. मी पलंगाजवळ गेले आणि म्हटलं, माझ्या अंड्यांना चेंडू कोण म्हणालं? आधी कान बधिर झाल्याचं सोंग केलं. मग हसले, कवळी हलेपर्यंत. म्हणाले, "एकमेकांसाठी तुम्ही दोघांनी बोटसुद्धा हलवलं नसतं. एकमेकांच्या नाकावर टिच्चून सगळं केलंत. मला काय, जेवण झकास मिळालं."

हा आपला बाप! खुबा मोडून पडलेला, आणि तिथून आपल्या दोघांना खेळवत होता. अंडं मऊ हवं होतं तर मला तुझ्या नावानं डिवचलं, मांसात चरबी नको होती तर तुला माझ्या नावानं. आणि आपण शहाणे, दोघांनीही एका शब्दानं विचारलं नाही की हे खरं का. विचारायचं तरी कशाला, दोघांनाही दुसऱ्याबद्दल ते लगेच पटलं. मला राग यायला हवा होता. पण बाबा इतके खूश होते, आणि मी तर त्यांच्याहून खूश होते. सकाळी माझं अंडं, दुपारी तुझं मांस. आता आहारवालीच काय, कुणीही येऊन सांगो, त्या पायांतलं बळ कुणाचं हे वेगळं काढून दाखवता येणार नाही. तरी सकाळच्या परीक्षेला माझं अंडंच ताजं होतं, एवढं लक्षात असू दे.

आता जे सांगायला बसले ते. रविवारी त्यांना घरी सोडतायत. माझ्या घराचा जिना तुला माहीत आहे, अरुंद, आणि वळणावर कठडा नाही. व्यायाम शिकवणारी मुलगी म्हणाली, चढताना एकानं मागे राहायचं आणि एकानं बाजूनं दंड धरायचा, एकट्याचं काम नाही. समोरचा सुतार येतो म्हणाला. मी त्याला नको म्हटलं. मागे मी असेन. "तुझ्या घरात पडले" हे तू खरोखर म्हणाला होतास, ते मला कुणी येऊन सांगितलं नव्हतं, आणि त्यावरचं भांडण मी सोडलेलं नाही. ते आपण वर पोचल्यावर, बाबांना पलंगावर बसवून, दार लावून मनसोक्त करू. रविवार तुझ्या धंद्याचा मोठा दिवस, सकाळपासून रांग असते, सगळं ठाऊक आहे. तरी शटर उघडू नकोस. बाबांचा दंड धरायचं काम तुझं आहे.

तुझीच, वाट बघणारी
ताई