कोराडीपर्यंतची मेट्रो

बाबा, पुलाचे खांब मी केले, पाइपाच्या साच्यात प्लास्टर ओतून. डबे केले सनबोर्ड कापून, खिडक्यांना नव्या शर्टाच्या खोक्यावरचा पारदर्शक कागद लावला. आपल्या नागपूरच्या बर्डीचं स्टेशन केलं, जिथे एक मेट्रो दुसरीच्या डोक्यावरून जाते. वर्धा रोडचा दुमजली पूल केला, खाली मोटारी, वर गाडी. रूळ, सिग्नल, सरकते जिने, सगळं याच हातांनी. शिकवायला कोणी नव्हतं. गाडीवरची एका टप्प्याची तार तेवढी माझी नाही. ती तुमची.

या छोट्या मेट्रोनं अर्धा हॉल व्यापलाय. तुमची सून म्हणते, "पाहुण्यांले बसवू कुठं? पुलाखाली?" पण धूळ तीच पुसते, रंगाच्या मऊ ब्रशनं. खांबांचा राखाडी रंग जमेना, तेव्हा मी रंगवलेले तुकडे घेऊन खऱ्या खांबाशी जाऊन उभा राहायचो. एकदा पोलिसानं हटकलं, "काय करून राहिले काका?" म्हटलं, "रंग जुळवून राहिलो." त्यानं तुकडा हातात घेतला, खांबाला लावला आणि म्हणाला, "थोडा अजून काळा पाहिजे." बरोबर होतं त्याचं.

हा सोस तुमचाच. महाल भागातल्या जुन्या घरी आई भाकरी थापतेय, शाळकरी मी तिच्याजवळ फरशीवर काडेपेट्यांचं विजेचं इंजिन जोडतोय. तुम्ही कोराडीहून येता, भरल्या बसमध्ये उभ्यानं, भुवयांवर तिथल्या वीज प्लांटची राख. हात धुण्याआधी वाकून बघता.

"विजेच्या इंजिनाले धुराडं काहून लावलं बे?"

"चांगलं दिसते."

"जे आहे ते कर. नाही ते दाखवशील, तर आहे त्याच्यावरही कोणी भरवसा नाही ठेवणार."

मला रडू फुटलं. आई म्हणाली, "पोरगं आहे ते, तुमचा प्लांट नाही." दुसऱ्या दिवशी तुम्ही साहेबांना विचारून जळक्या मोटरची तांब्याची तार आणलीत. "धुराडं काढ," म्हणालात, "हे वरून लाव."

नागपुरात मेट्रो आली तेव्हा तुम्ही नव्हता. कोराडीला ती आजही जात नाही. माझ्याकडे जाते. बर्डीवरून फाटा काढला, शेवटी स्टेशन केलं, मागे प्लांटच्या चिमण्या. तुमची तार तेवढ्याच टप्प्यावर ताणली, तेवढीच पुरली. त्या गाडीत खिडकीजवळची एक जागा रिकामी ठेवलीय. कोराडीचं कोणी विचारलंच तर सांगतो, तिकडेही मेट्रो पुढेमागे होणार आहे. थाप मारतो, बाबा. बोगीच्या दाराची रुंदी चुकली म्हणून अख्खी गाडी मोडणारा मी.

मागच्या रविवारी प्रताप नगरचे एक बिल्डर आले. त्यांना हे ऑफिसात मांडायचंय. त्यांनी मोबाइलमधल्या फोटोंशी एकेक स्टेशन ताडून बघितलं. "दादा, सेम टू सेम! फक्त हे कोराडी काढून द्या. तिकडे मेट्रो आहे कुठं? लोक म्हणतील, हे खोटं तर बाकीचंही खोटंच."

तुमचंच बोलणं, परक्याच्या तोंडून. तुमची सून दाराशी चहाचा ट्रे घेऊन थबकली होती, माझ्याकडे बघत.

हा कागद घडी करून त्या स्टेशनच्या फळीखाली सरकवून ठेवेन. आणखी कुठे पाठवणार? तुम्ही असता तर रागावलाच असता, म्हणून एवढं सांगून टाकतो. कोराडी काढलं की अडीच लाख रोख, असं ते म्हणाले. मी नाही म्हटलं. अडीच लाख, बाबा.